उस्तादाच्या मुलीची प्रवेशपरीक्षा

माझी भाची निधी हिच्या उजव्या मनगटावर, जेथे हाड जुळले तेथे, आजही सुपारीएवढा उंचवटा आहे. ते हाड तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, खंडेनवमीच्या दिवशी मोडले. त्यानंतर पाव मिनिटाच्या आत तिने त्यांचे गळ्याजवळचे हाड मोडले. हे का घडले, ते मी जसे पाहिले तसे येथे लिहीत आहे. त्यात एक चूक माझी आहे, तीही लिहीन.

माझा भाऊ उदयसिंह याने तीस वर्षे एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन पहारा केला. ती बंदूक त्याला एकदाही चालवावी लागली नाही, आणि याचे त्याला समाधान नव्हते, दुःख होते. आमचे पूर्वज होळकरांच्या पागेत स्वार होते. संस्थान विलीन झाले, पागा मोडली, आणि आमच्या वाट्याला एक तलवार, दोन पट्टे व भाल्याचे एक पाते एवढेच उरले. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हातात चढवायची लोखंडी मूठ आणि तिला जोडलेले लांब, लवणारे पाते. ते फिरवण्याची विद्या उदयसिंह आमच्या वडिलांकडून शिकला. इंदुरात लालबागेच्या मागे एका मोकळ्या जागेत तो ती सकाळ-संध्याकाळ इतरांना शिकवीत असे. तेथे त्याला सर्वजण उस्ताद म्हणत. अनंत चतुर्दशीला शहरातून झांक्या, म्हणजे देखाव्यांचे सजवलेले रथ, निघतात आणि त्यांच्यापुढे आखाडे चालतात. त्यांत आमचाही आखाडा असे.

उस्तादाच्या हातात शिसवीचा हातभर लांब सोटा असे. ज्याचे मनगट चुकेल, त्याच्या मनगटावर तो सोटा बसे. मी एकदा त्याला बोलले, तेव्हा तो म्हणाला, "आक्का, सोटा शस्त्र नाही. सोटा म्हणजे शिक्षण."

वाचणाऱ्यास हे कठोर वाटेल. परंतु आमचे बालपण गौतमपुऱ्यास गेले. तेथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन पक्ष मैदानात समोरासमोर उभे राहतात आणि हिंगोटाच्या पोकळ फळांत बंदुकीची दारू भरून, ती पेटवून, एकमेकांवर फेकतात. एका वर्षी आमच्या वडिलांचा अर्धा चेहरा भाजला आणि एक डोळा कायमचा मिटला. ते घरी आले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "वाढ." आम्ही भावंडे त्यांच्याकडे बघत जेवलो. अशा घरात उदयसिंह वाढला. मीही वाढले, मात्र मला शाळेत घातले गेले नाही. माझे पंधराव्या वर्षी लग्न झाले. पुढे वैधव्य आले आणि मी भावाच्या घरी, अन्नपूर्णा मंदिराच्या मागील वस्तीत राहू लागले. भावजय सरला आजाराने वारली तेव्हा निधी नऊ वर्षांची आणि तिचा भाऊ यशवर्धन चौदा वर्षांचा होता. दोघांना मी वाढवले.

आखाड्याची गादी मुलाकडे जावी, अशी रीत. परंतु यशवर्धनाने पंधराव्या वर्षी एका शिष्याच्या कानाची पाळी पट्ट्याने उडालेली पाहिली आणि त्याला तेथेच उलटी झाली. त्यानंतर त्याने कधीही लोखंड हातात धरले नाही. आता तो मोबाइलची कव्हरे विकतो आणि सर्वांची थट्टा करतो. उदयसिंहाने त्याच्याकडे बघणे सोडले, आणि मग त्याची नजर निधीकडे वळली.

निधीचा हात उपजतच तापट होता. दहाव्या वर्षी लालबागेच्या जत्रेत एका मुलाने तिची वेणी ओढली. तिने त्याचा पुढचा दात पाडला. मुलाची आई दात रुमालात बांधून भांडायला आली. उदयसिंहाने रुमाल सोडून दात उजेडात धरला आणि म्हणाला, "मुळासकट आला आहे. बघ आक्का, मुळासकट!" त्याच संध्याकाळी त्याने निधीला आखाड्यात नेले.

पुढील बारा वर्षे मी तिच्या अंगाला तेल आणि हळद लावली. तिच्या पाठीवर, दंडांवर, पोटऱ्यांवर कोठे ना कोठे वळ असेच. एकविसाव्या वर्षी मिरवणुकीत तिने डोळ्यांवर पट्टी बांधून, आडव्या झोपलेल्या माणसाच्या गळ्यावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने दोन फाकांत कापले. झोपलेला माणूस तिचा बाप होता. लोक ओरडत होते. उदयसिंह उठला तेव्हा त्याच्या गळ्यावर केसाएवढी लाल रेघ होती आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की तसा मी तिच्या जन्माच्या दिवशीही पाहिला नव्हता.

त्या रात्री निधीने जेवण केले नाही. मला म्हणाली, "आत्या, माझा हात आता थरथरतो आहे. तेव्हा नाही थरथरला. असं का होतं?"

मी म्हणाले, "झोप. उद्या ठीक होईल."

मला तेवढेच उत्तर येत होते. दुसरे उत्तर तिला कॉलेजात मिळाले. ती वाणिज्य शाखेत होती. तेथे इंग्रजीचा एक सक्तीचा विषय होता आणि तो शिकवायला मधुरिमा नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी निधीला एक जुने इंग्रजी नाटक वाचायला दिले. निधीने शब्दकोश मांडीवर घेऊन ते अडीच महिन्यांत वाचले आणि मग घरी येऊन एका श्वासात मला सांगितले, "आत्या, यात एक माणूस खून करतो. आणि मग तो बोलतो! आपला हात बघतो आणि बोलतो. चार-चार पानं बोलतो. आपल्या घरात इतक्या वर्षांत कोणी चार ओळी तरी बोललं का?"

त्या दिवसापासून एम.ए.ला इंग्रजी साहित्य घ्यायचे, असे तिने ठरवले.

त्याच सुमारास मी शाळेतील प्रौढ वर्गात जाऊ लागले होते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मला क आणि फ यांतला भेद समजला. मार्च महिन्यात महामारीमुळे सर्व बंद झाले, तेव्हा आमचा वर्गही बंद झाला. राहिलेली जोडाक्षरे निधीने मला शिकवली. गच्चीवर एका बाजूला मी 'स्वच्छ' आणि 'प्रत्येक' लिहीत असे आणि दुसऱ्या बाजूला ती आपल्या परीक्षेची तयारी करीत असे. प्रवेशपरीक्षा दुसऱ्या राज्यातील एका विद्यापीठाची होती. केंद्र इंदुरातच होते. परीक्षा उन्हाळ्यात व्हायची, ती पुढे पुढे सरकत होती.

तिच्या तयारीची पद्धत तिची स्वतःची होती. इंग्रजी कवितेच्या ओळीत, ती मला सांगे, एक अक्षर हलके आणि एक जड असते. अशा पाच जोड्या झाल्या की ओळ पूर्ण होते. पुस्तकातील हे लक्षण तिच्या डोक्यात बसेना. मग तिने काठी घेतली. हलक्या अक्षराला पाऊल टाकायचे, जड अक्षराला काठीचा वार करायचा. पाऊल, वार, पाऊल, वार. भिंतीला टेकवलेल्या जुन्या गादीवर ती एका ओळीला पाच वार करी आणि तोंडाने इंग्रजी म्हणत असे. महिन्याभरात गादीचा कापूस गच्चीभर झाला आणि तिला कवितेची शेकडो पाने पाठ झाली.

परंतु अंगाला लागलेली सवय आखाड्यातही जाते. टाळेबंदी शिथिल झाल्यावर उदयसिंहाने तिला पुन्हा उभे केले आणि दोन डावांतच त्याने ओळखले.

"हा कुठला ताल आणलास?" तो म्हणाला. "कच्चा-पक्का, कच्चा-पक्का. तू कधी मारणार ते मला आधीच कळून राहिलंय."

"नाही आबा, तसं नाही."

"नाही कसं? ये."

ती पुढे गेली. तिचा प्रत्येक वार दुसऱ्या ठोक्यावर येत होता, म्हणून त्याने प्रत्येक दुसऱ्या ठोक्याच्या आधी सोटा उतरवला. खांद्यापासून कोपरापर्यंत, ओळीने, पाच वेळा. घरी मी तिची बाही वर केली. पाच वळ सारख्या अंतरावर उमटले होते, वहीत आखल्यासारखे.

निधी वेदनेतही हसू लागली. "आत्या, हे बघ. पूर्ण ओळ आहे. एकही मात्रा चुकली नाही माणसाची."

मी तिला रागावले. म्हटले, "तू ज्या पुस्तकांसाठी हे सोसतेस, त्यांत तरी काही सुखाचे आहे का?"

"शोकांतिका आहेत, आत्या. शेवटी सगळे मरतात."

"सगळे?"

"राजा, राणी, मुलगी, मुलीचा भाऊ. स्टेजवर नुसता ढीग पडतो."

"आणि घरात एकही वडीलधारं माणूस नसतं त्यांना आवरायला?"

ती गंभीर झाली. "असतात. पण ते चुकीच्या वेळी गप्प बसतात."

सप्टेंबरच्या अखेरीस तारीख आली. परीक्षा नेमकी खंडेनवमीला, दुपारी दोन वाजता होती. हे किती अवघड होते ते सांगितले पाहिजे. खंडेनवमीस आमच्या घरी सर्व शस्त्रे चौरंगावर मांडून त्यांची पूजा होते. पूर्वी बोकड कापीत. आता कोहळ्याला कुंकू फासून तो तलवारीच्या एका वाराने कापतात. एवढ्यासाठी तलवार उचलायची आणि पुन्हा चौरंगावर ठेवायची. एरवी पूजेत मांडलेली कोणतीही वस्तू दुसऱ्या दिवशी, दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत उचलायची नाही. तो शस्त्राचा अपमान समजतात. त्या वर्षी उदयसिंहाने ठरवले होते की कोहळा निधी कापील आणि दुपारी आखाड्याचे शिष्य जमले की त्यांच्यासमोर तो तिला गादी देईल. तिला कोठेही पाठवायचे नाही, लग्न करून द्यायचे तर घरजावई आणायचा, इतके त्याचे ठरलेले होते.

निधीने जेवताना त्याला तारीख सांगितली. "आबा, कोहळा मी अकराला कापते. मग बाराला निघते. गादीचं संध्याकाळी करा ना."

उदयसिंह काही बोलला नाही. त्याने ताक प्यायले आणि उठला. निधीने त्याच्या गप्प राहण्याला होकार मानले. आमच्या घरात गप्प राहणे म्हणजे नकार असतो, हे मला ठाऊक होते. मी तिला सांगितले नाही.

यशवर्धन मात्र इंदुरी थाटात तिला म्हणाला, "भिया, लिहून घे, हे जाऊ देणार नाहीत. तुझी इंग्लिश गेली तेल घ्यायला."

"तू आपली कव्हरं विक," निधी म्हणाली. "आत काही नसलं तरी चालतं तुला."

नवमीच्या सकाळी मी पाच वाजता उठले. चौरंग मांडला, त्यावर लाल वस्त्र घातले. राखेने घासलेली तलवार, पट्टे, भाल्याचे पाते ठेवले. माझी विळीही ठेवली. तेव्हा माझ्या मनात एक विचार आला. आजवर मी या पूजेत केवळ लोखंडाला हळद-कुंकू वाहिले होते. इतर घरांत या दिवशी मुले आपली पुस्तके पूजेला ठेवतात. आमच्या घरात ते कोणी केले नव्हते, आणि माझ्यापाशी तर ठेवण्यासारखे पुस्तकच नव्हते. आता माझी प्रौढ वर्गातली वाचनमाला होती. ती मी ठेवली. मग निधी अंघोळीस गेलेली असताना तिच्या टेबलावरील तीन जाड पुस्तके, टिपणांच्या वह्या आणि त्यांवर ठेवलेले एक प्लॅस्टिकचे पाकीट, हे सर्व मी आदराने उचलून आणले, तलवारीच्या खाली रचले आणि पाकिटावरही पाच बोटे कुंकू ओढले. पाकिटातील कागद इंग्रजीत होता. मला इंग्रजी येत नाही. तो अभ्यासाचाच एखादा भाग असावा, असे मी समजले. ते तिचे प्रवेशपत्र होते, आणि त्याच्यामागे तिचे मूळ ओळखपत्र होते. ही दोन्ही असल्याशिवाय केंद्रात कोणास आत घेत नसत.

नऊ वाजता पूजा झाली. निधीने पुस्तके पाहिली तेव्हा ती मला म्हणाली, "अरे वा, आत्या!" तिलाही पाकीट दिसले नाही, त्यावर तोवर झेंडूची फुले पडली होती.

अकरा वाजता उदयसिंहाने तलवार उचलून तिच्या हातात दिली. कोहळा पाटावर होता. निधीने पाय रोवले आणि एकच वार केला. कोहळा दोन भाग होऊन भिंतीपर्यंत गेला आणि पाटात तलवारीची खूण पडली. कुंकवाचे पाणी तिच्या कुर्त्यावर, उदयसिंहाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, माझ्या पायांवर उडाले. यशवर्धन दारातून म्हणाला, "बाप रे." उदयसिंहाने डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ हलत होते.

तलवार हातात तशीच ठेवून निधी टेबलाकडे गेली आणि लगेच परत आली.

"आत्या, माझं पाकीट?"

मी चौरंगाकडे पाहिले. तेवढ्याने तिला समजले. तिने डाव्या हाताने फुले बाजूला केली.

"निधी," उदयसिंह म्हणाला. "हात काढ."

"आबा, त्यात माझं ॲडमिट कार्ड आहे."

"असेल. आता ते पूजेत आहे. उद्या मिळेल."

"उद्या त्याचं काय करू? परीक्षा आज आहे."

"आज तुझी गादी आहे."

"मी सांगितलं होतं तुम्हाला!"

"मी हो म्हटलं होतं?"

मी मध्ये बोलले. "उदय, चूक माझी आहे. मी न कळता ठेवलं. मी उचलते, मला दोष लागू दे."

"आक्का, तू बाजूला हो." त्याने सोटा उचलला होता. सोटा पूजेत नव्हता. तो शस्त्र नव्हता ना. "बारा वर्षं दिली मी हिला. रोज. मुलाला दिली नाहीत ती दिली. आणि ही किस्से-कहाण्या वाचायला जाणार? दुसऱ्यांच्या मारामाऱ्यांच्या गोष्टी?"

"हो," निधी म्हणाली. "कारण तुम्ही मला मारायला शिकवलंत. मारल्यावर काय करायचं ते नाही शिकवलं."

असे म्हणून तिने पाकीट ओढले. त्याच क्षणी सोटा तिच्या उजव्या मनगटावर उतरला. तो आखाड्यातला फटका नव्हता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी काटकी पायाखाली यावी तसा तो होता. तलवार फरशीवर पडली. निधीने खाली वाकून तलवार डाव्या हाताने उचलली. उदयसिंहाने दुसऱ्या वारासाठी सोटा वर नेला, तेवढ्यात ती आत शिरली. तलवार वर गेली तेव्हा धार त्याच्याकडे होती. खाली येताना तिने मूठ फिरवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि शपथेवर सांगेन: तिने मूठ फिरवली. तलवारीची पाठ, बोटाएवढी जाड, त्याच्या गळ्याच्या आणि खांद्याच्या मधे बसली. माझा भाऊ गुडघ्यांवर आला, मग कोहळ्याच्या पाण्यात बसला. त्याचा डावा हात मेलेल्या वस्तूसारखा लोंबत होता.

निधीचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटले, आता ही पुन्हा मारील. मला असेही वाटले, आता ही स्वतःला मारील.

उदयसिंहाने वर पाहिले. त्याचे दात वाजत होते. तो म्हणाला, "हात बदलताना... छाती उघडी टाकलीस. दुसरा कोणी असता तर तू मेली असतीस."

"दुसरा कोणी नव्हता, आबा," निधी म्हणाली आणि रडू लागली.

मी चौरंगाकडे गेले. पाकीट उचलले, पदराने कुंकू पुसले आणि तिच्या गळ्यातील ओढणीची झोळी करून तिचा मोडलेला हात तीत बांधला. यशवर्धनाला म्हणाले, "तू बापाला दवाखान्यात ने. मी हिला नेते."

"आत्या, हिला पण दवाखाना लागेल ना!"

"लागेल. पाच वाजता."

रिक्षा मिळायला वीस मिनिटे लागली. प्रत्येक खड्ड्याला निधी ओठ चावत होती. हनुवटीवर रक्ताची धार आली. मी विचारले, "परत फिरू या का?" तिने मान हलवली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी त्यांना मारलं, आत्या. मला मारायचं होतं. जोरात मारायचं होतं." मी या वेळी 'झोप' असे म्हणाले नाही. मी म्हणाले, "बोल. मी ऐकते आहे." ती केंद्र येईपर्यंत बोलत राहिली. ते मी येथे लिहिणार नाही.

केंद्राच्या दारात शिपायाने तिच्या कपाळाशी ताप मोजायचे यंत्र धरले आणि कुर्ता पाहून तो मागे सरला.

"मॅडम, ये खून है क्या?"

"कुंकू आहे," मी सांगितले. "नवमीची पूजा होती."

"और हाथ?"

"हातही पूजेतच लागला," निधी म्हणाली आणि आत गेली.

मी समोरच्या कडुनिंबाखाली तीन तास बसले. प्रश्न संगणकावर होते. तिने डाव्या हाताने एकेक उत्तर निवडले. शेवटचे तेरा प्रश्न राहिले, कारण मध्ये दोनदा तिला भोवळ आली आणि टेबलावर डोके ठेवावे लागले. बाहेर आली तेव्हा तिची बोटे वांग्यासारखी काळीनिळी आणि फुगलेली होती. दवाखान्यात डॉक्टर तिला खूप बोलले. मीही त्यांचे बोलणे ऐकून घेतले. इतका उशीर केला नसता तर मनगट सरळ जुळले असते, असे ते म्हणाले.

उदयसिंह त्याच दवाखान्यात दुसऱ्या खोलीत होता. यशवर्धनाने डॉक्टरांना सांगितले होते की आबा जिन्यावरून पडले. हे ऐकून उदयसिंह गुंगीतून ओरडला, "पडलो नाही! मला मारलं. माझ्या मुलीनं मारलं. डाव्या हातानं!" डॉक्टर हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

दुपारी घरी जमलेले शिष्य कोहळ्याचे तुकडे आणि रिकामे घर बघून परत गेले होते. ती गादी कोणालाही दिली गेली नाही. आखाडा त्यानंतर भरला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी यादी लागली. निधीचे नाव खालून चौथे होते. परंतु होते. आम्हाला वाटले होते की नाव लागले म्हणजे ती गाडीत बसून जाईल आणि बाप-लेकींना एकमेकांचे तोंड पाहावे लागणार नाही. तसे झाले नाही. महामारीमुळे विद्यापीठ बंदच होते. वर्ग घरून, मोबाइलवर भरणार होते. ज्या घरातून ती निघण्यासाठी इतकी लढली, त्याच घरात, बापाच्या खोलीला लागून असलेल्या तिच्या खोलीत, तिचे एम.ए. सुरू झाले. मधली भिंत अर्ध्या विटेची आहे. तिला प्लास्टर होते, त्याच्या खांद्याला दवाखान्याचा पट्टा बांधलेला होता. दोघेही माझ्या हाताने जेवत होते. दोघांत एक शब्दही नव्हता. त्याला पाणी हवे असले तर तो मला सांगे. तिला आवाज कमी हवा असला तर ती मला सांगे. मी दोन खोल्यांमध्ये निरोप वाहत असे.

वर्ग सकाळी दहाला असे. उदयसिंहाला इंग्रजी थोडे समजते. बँकेत साहेबांचे बोलणे ऐकून ऐकून आले आहे. पहिला आठवडा तो भिंतीकडे पाठ करून पडून राहिला. दुसऱ्या आठवड्यात मी पाहिले की तो कुशीवर वळला आहे.

डिसेंबरमध्ये एके दिवशी शिकवणाऱ्या बाई एका जुन्या नाटकातील लढाई समजावून सांगत होत्या. दोन माणसे तलवारीने लढतात, एकाच्या बरगड्यांत तलवार घुसते, आणि मग तो मरता मरता मोठे भाषण करतो. बाई त्या भाषणाची भाषा किती सुंदर आहे ते सांगत होत्या.

"आक्का," भिंतीच्या अलीकडून उदयसिंह म्हणाला. "तिला सांग विचारायला. बरगडीत पातं गेल्यावर माणूस इतकं बोलतो कसा? श्वासच पुरत नाही. दोन शब्द पण निघत नाहीत."

मी उठले. पण भिंत अर्ध्या विटेची. निधीने ऐकले होते. तिने मोबाइलचा माइक चालू केला आणि हळू, तुटक इंग्रजीत तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. मग बाई काही बोलल्या.

"काय म्हणाली?" उदयसिंहाने विचारले. या वेळी त्याने 'आक्का' म्हटले नाही.

निधी म्हणाली, "म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे."

"प्रश्न बरोबरच आहे," माझा भाऊ म्हणाला. "उत्तर विचार."